कानाचं मशीन, वर्षभर वापरून लिहितेय (सातारा)

कानाचं मशीन घ्यायचं म्हणून जे कोणी माहिती शोधत असतील त्यांच्यासाठी लिहितेय. मी शोधत होते तेव्हा मराठीत एकतर कंपन्यांच्या जाहिराती सापडल्या, नाहीतर घरगुती उपायवाले व्हिडिओ, लसूण तेलात परता आणि ते तेल कानात घाला वगैरे, आणि ते कृपा करून कोणीही करू नका. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, शाळा सातारा तालुक्यात, राहायला गोडोलीत, वय पन्नाशीच्या जरा अलीकडे. दोन्ही कानांना मशीन आहे, कानामागे छोटी बॉडी बसते आणि तिथून बारीक वायर कानात जाते ते, आरआयसी म्हणतात त्याला, चार्जिंगचं. वर्ष होत आलं. सकाळी तोंड धुतलं की घालते आणि झोपताना काढते, मधे फक्त अंघोळीला काढते.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये. फोनॅक, सिग्निया, ओटिकॉन, रिसाउंड, वायडेक्स, स्टार्की ही नावं तुम्हाला कुठेही गेलात तरी ऐकू येतील, पण एकच मॉडेल एका बाईला छान लागतं आणि तिच्याच जावेला लागत नाही, कारण कान वेगळा, रिपोर्ट वेगळा, आणि सेटिंग करून देणारं माणूस वेगळं. मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकते. ज्या दुकानात गेल्या गेल्या पहिलं वाक्य "कुणाला कळणारसुद्धा नाही बघा" असं कानावर पडेल तिथे पैसे काढू नका. आवाजाआधी लपवायचं बोलणारा माणूस तुमच्या कानाचा विचार करत नाहीये, तुमच्या लाजेवर धंदा करतोय. आणि वर्षभराच्या अनुभवावरून मला खरंच असं वाटायला लागलंय की ही लाज आता लोकांपेक्षा विकणाऱ्यांनीच जास्त धरून ठेवलीय.

माझा त्रास कसा होता ते सांगते, कारण बऱ्याच जणांचा असाच असतो आणि त्यांना तो बहिरेपणा वाटतच नाही. मला आवाज येत होता. दारावरची बेल, ट्रकचा हॉर्न, शाळेची घंटा, सगळं. पण बोललेलं कळत नव्हतं. करोनानंतर शाळा उघडल्या आणि पोरं मास्क लावून वर्गात बसली तेव्हा हे एकदम अंगावर आलं, कारण तोपर्यंत मी निम्मं त्यांच्या ओठांवरून वाचत होते हे माझं मलाच माहीत नव्हतं. मागच्या ओळीतलं पोरगं सात म्हणतंय का साठ, पास म्हणतंय का पाठ, काही पत्ता लागायचा नाही, मग "ये, फळ्यावर लिहून दाखव" म्हणायचं. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज मुळात बारीक, वरच्या पट्टीतले, आणि वय वाढतं तसं आधी तिथलंच ऐकू येणं जातं. स, श, फ, थ, ट असली अक्षरं त्याच वरच्या भागात असतात आणि आवाजाने हलकी असतात. अ आ ओ हे स्वर खालच्या भागातले, जोरकस. त्यामुळे माणूस बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. घरचे म्हणतात "हिला पाहिजे तेवढं बरोबर ऐकू येतं", आणि ते वाक्य फार लागतं मनाला.

पहिल्यांदा एका दुकानात गेले होते, नाव लिहीत नाही. तपासणी म्हणजे टेबलावरच हेडफोन लावले, बाहेर रस्त्यावर गाड्या चालू, दार उघडंच. दहा मिनिटांत एक शेंगदाण्याएवढं मशीन समोर ठेवलं, पूर्ण कानाच्या आत जाणारं, सीआयसी. "मॅडम तुम्ही लेडीज आहात, सर्व्हिसला आहात, हेच घ्या, कोणाला दिसायचं नाही." ट्रायलला घातलं तर माझाच आवाज मला मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमायला लागला. तेव्हा त्याने सांगितलं की सवय होईल. नंतर कळलं की माझ्यासारख्या केसमध्ये, म्हणजे खालचे आवाज जवळजवळ ठीक आणि वरचे गेलेले, कान असा बंद करून टाकला की स्वतःचा आवाज घुमणारच. अशांना कान मोकळा ठेवणारं, भोकं असलेल्या मऊ रबरी टोकाचं मशीन जास्त चांगलं पडतं. त्याला ते माहीत नसेल असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक बाई आहे म्हणजे तिला दिसायला नको, एवढं गृहीत धरूनच तो बसला होता. सीआयसी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, काही कानांना ते छान बसतं, पण ते कानाच्या रिपोर्टवरून ठरायला हवं, गिऱ्हाईकाचं लग्न झालंय का आणि नोकरी काय यावरून नाही.

हे लपवण्याचं खूळ फक्त आपल्याकडचं नाही म्हणा. १९८३ साली अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी आपण कानात मशीन वापरतो हे उघडपणे सांगितलं, त्यानंतर तिकडे मशीनचा खप चांगलाच वाढला, लोकांची भीड चेपली. पण त्यांचं मशीनसुद्धा कानाच्या आत बसणारं बारकंच होतं. म्हणजे घालायला हरकत नाही इथपर्यंत लोक आले, दिसलं तरी हरकत नाही इथपर्यंत यायला अजून बरीच वर्षं गेली. आपल्याकडे तर जुन्या लोकांच्या डोक्यात अजून ती शर्टच्या खिशातली डबी आणि तिथून कानापर्यंत गेलेली वायर आहे. आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी ती वापरायचे, आणि पोरं त्यांच्या मागे काय काय बोलायची ते मी लहानपणी ऐकलंय. नाटकात, तमाशात बहिरा माणूस म्हणजे हसण्याचाच विषय. एवढं सगळं मनात साठलेलं असताना कोणी लपवायला बघितलं तर त्याला दोष देता येत नाही.

मग कान-नाक-घसा डॉक्टरांकडे गेले, आणि खरं तर पहिली पायरी हीच असायला पाहिजे, कारण कधी कधी नुसता मळ साठलेला असतो किंवा पडद्याला भोक असतं आणि माणूस उगाच मशीनच्या मागे लागतं. डॉक्टरांनी कान साफ केला, पडदा बघितला आणि पोवई नाक्याजवळच्या एका क्लिनिकला ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवलं. हा रिव्ह्यू अर्धा मशीनचा आणि अर्धा त्या क्लिनिकचा आहे.

ऑडिओलॉजिस्ट एक तरुण मुलगी आहे. भिंतीवर आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन लावलंय, ते आधी बघा कुठेही गेलात तरी, कारण नुसता सेल्समनचा कोर्स केलेले लोकही कान तपासायला बसलेत. तिने साऊंडप्रूफ केबिनमध्ये बसवून तपासलं, २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत, म्हणजे जाड आवाजापासून अगदी वरच्या पट्टीपर्यंत, मग शब्द ऐकवून तपासलं, मग पडद्याच्या मागचा दाब बघितला. आणि रिपोर्टचा कागद हातात देऊन पेनने दाखवलं, हे बघा मॅडम, इथपर्यंत रेघ वर आहे, २००० नंतर कशी घसरत गेलीय, ४००० ला साठ डेसिबलच्या आसपास, आणि तुमच्या वर्गातली पोरं बोलतात त्यातलं स आणि श इथे या घसरणीत पडतं. इतकी वर्षं मी स्वतःला म्हणत होते की माझं लक्ष लागत नाही, वय झालं, डोकं चालत नाही. एका रेघेने ते सगळं पुसलं. मला तिथे रडू आलं, ते लिहायला मला काही वाटत नाही.

मशीन बसवताना तिने कानात एक बारीक रबरी नळी सरकवून, मशीन चालू असताना पडद्याजवळ नेमका किती आवाज पोचतोय ते मोजलं. याला रिअल इअर मेजरमेंट, थोडक्यात आरईएम म्हणतात, आणि सगळीकडे हे करत नाहीत. नुसतं कॉम्प्युटरवर रिपोर्ट टाकायचा आणि सॉफ्टवेअर देईल ते सेटिंग ठेवायचं, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. लाखाच्या घरातली वस्तू घेताय तर हे विचारा. "तुमच्याकडे आरईएम करता का" एवढंच विचारलं तरी समोरच्याला कळतं की हे माणूस माहिती काढून आलंय.

रंगाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. कॅटलॉगमध्ये पहिला रंग असतो तो फिकट बदामी, त्याला सगळे स्किन कलर म्हणतात. आता तो कुणाच्या स्किनचा कलर आहे ते कंपनीला माहीत, माझ्या कानामागे तो लावून बघितला तर लांबूनसुद्धा ठळक दिसत होता. दिसू नये म्हणून केलेली वस्तू आपल्या लोकांच्या कानावर सगळ्यात जास्त दिसते. ऑडिओलॉजिस्टने सांगितलं की ते केसांच्या जवळ बसतं, तर केसांचा रंग बघून घ्या. मी करडा घेतला, माझे केस आता तसेच झालेत. माझ्या नंतर एक कॉलेजचा मुलगा बसला होता त्याने लाल घेतला. त्याची आई म्हणाली, "अरे सौम्य बघ की जरा," तर म्हणाला, "बघायचंय ते बघू दे की गं." मला फार बरं वाटलं ते ऐकून.

सुरुवातीचे दिवस सोपे नसतात आणि हे कोणी आधी सांगत नाही म्हणून जास्त लिहिते. घातल्या घातल्या सगळ्यात आधी ऐकू काय आलं, तर माझ्याच साडीचा आवाज. निऱ्यांची सळसळ. मग प्लॅस्टिकची पिशवी, ती तर अक्षरशः कानात फुटतेय असं वाटतं. फ्रीज गुरगुरतो, घड्याळ टिकटिकतं, फोडणीत मोहरी तडतडते ती टोचल्यासारखी लागते. वर्गात वह्यांची पानं एकाच वेळी उलटली की कान झाकून घ्यावेसे वाटायचे. शाळेला पत्रा आहे आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीये, त्या पत्र्यावर जुलैचा पाऊस पडायला लागला की पहिले काही दिवस मी मशीन काढून ठेवायचे. मेंदूला हे आवाज कित्येक वर्षं मिळालेले नसतात, त्याला कुठला आवाज सोडून द्यायचा ते परत शिकावं लागतं, त्याला काही आठवडे जातात. म्हणूनच चांगली ऑडिओलॉजिस्ट पहिल्या दिवशीच पूर्ण आवाज देत नाही, थोडा कमी ठेवते आणि बोलावून बोलावून वाढवत नेते. जे लोक मशीन घेऊन कपाटात टाकतात त्यातले बरेचसे याच टप्प्यावर टाकतात. त्यांना वाटतं मशीन खराब आहे, किंवा घरचे म्हणतात, एवढे पैसे घातले आणि परत तेच. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे की जगात ज्यांना मशीनचा उपयोग होऊ शकतो त्यांतले जेमतेम १७ टक्के लोक ते वापरतात. त्यामागे पैसा आहे, सोय नसणं आहे, आणि लाजही आहेच.

लाजेचं म्हणाल तर मला सगळ्यात जास्त धास्ती वर्गाची होती. चौथीची पोरं, ती काही मनात ठेवत नाहीत. पहिल्या दिवशी मी मुद्दाम केस वर बांधून गेले, म्हटलं जे काय व्हायचं ते एकदाच होऊ दे. हजेरी घेतानाच एकाने विचारलं, "बाई, कानात काय आहे ओ?" मी सांगितलं की मला बारीक आवाज नीट ऐकू येत नाहीत, हे मशीन ते मोठे करून देतं. तर पुढचा प्रश्न, "चार्जिंग किती टिकतं?" तिसरा प्रश्न, "ब्लूटूथ आहे का?" आहे म्हटल्यावर वर्गात एकदम "आयला" झालं. मग गाणी लागतात का, गेम लागतो का, कितीला मिळालं, माझ्या मामाचे इअरबड्स पंधराशेचे आहेत. बहिरी हा शब्द कुणाच्या तोंडात आलासुद्धा नाही. त्यांच्या डोक्यात ती खिशातली डबी नाहीच मुळी, त्यांनी ती पाहिलेलीच नाही. त्यांच्या घरात मोठ्या भावाच्या, मामाच्या कानात काहीतरी कायम असतंच. एक मुलगी मात्र मधल्या सुट्टीत हळूच येऊन म्हणाली की तिच्या आजीला पण ऐकू येत नाही, आजी आता घरात कोणाशी बोलतच नाही.

घरी मात्र वेळ लागला. आमचे हे म्हणाले पैसे गेले तरी चालतील पण घे. सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या मशीनच्या विरोधात नव्हत्या, त्यांना काळजी होती माझ्या लेकीच्या लग्नाची. "स्थळं येणारेत, आईच्या कानाला मशीन दिसलं तर म्हणतील पोरीला पण हेच होणार." मी त्यांच्यावर चिडले नाही कारण त्यांच्या काळात हे खरंच होतं, चष्मा लागलेल्या मुलीला सुद्धा बघायला आलेल्या लोकांसमोर चष्मा काढून बसवायचे. लेक म्हणाली, "आजी, ज्यांना आईच्या मशीनचा प्रॉब्लेम आहे त्या घरात मला जायचंच नाही." विषय तिथे संपला असं नाही, मधूनमधून निघतो अजून. पण सासूबाई आता माझ्याशी हळू आवाजात बोलतात, आधी ओरडून बोलायच्या, आणि सुनेशी कायम ओरडूनच बोलावं लागत असेल तर त्या घरात काय होतं ते ज्याच्या घरात आहे त्यालाच माहीत. आता संध्याकाळी आम्ही दोघी शेंगा फोडत बसतो आणि त्या त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगतात. नवीन काही नाही त्यात, मला त्या आधी नीट कळतच नव्हत्या एवढंच.

आता एक नवीनच गैरसमज निर्माण झालाय, त्याबद्दल कोणी लिहिलेलं मी वाचलं नाही. महिन्याच्या शिक्षण परिषदेत एक साहेब बोलता बोलता थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, ते कानातलं काढा, इथे काम चाललंय." त्यांना वाटलं मी गाणी ऐकतेय. मी उभी राहून सांगितलं की सर, हे श्रवणयंत्र आहे, हे काढलं तर तुमचं ऐकू येणार नाही. ते ओशाळले, चांगले गृहस्थ आहेत, पण त्यानंतर त्यांनी जे केलं ते जास्त अवघड होतं. माझ्याशी बोलताना एकेक शब्द तोडून ओरडून बोलायला लागले. बँकेत, एसटीत, दवाखान्यात, हे सगळीकडे होतं. एकदा कळलं की मशीन आहे, की समोरचा आवाज चढवतो. कृपा करून ओरडू नका. ओरडलं की आवाज फाटतो, आणि मशीन तो फाटलेला आवाजच मोठा करून देतं. तोंड आमच्याकडे करा, हात तोंडावरून काढा, पाठमोरं चालत बोलू नका, आणि नेहमीच्या आवाजात जरा सावकाश बोला. एवढंच पुरतं.

इअरबड्समुळे कानात काहीतरी असणं ही गोष्ट साधी झाली हे मात्र खरं आहे आणि त्याचा फायदा आम्हाला झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ मध्ये चालणाऱ्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मंजुरी दिली, म्हणजे गाणी ऐकायची वस्तू आणि कानाचं मशीन यातली भिंतच पडायला लागलीय. पण ते सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. तिकडे २०२२ पासून तेवढ्याच त्रासाची मशीनं दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात, त्याचा दाखला देऊन आपल्याकडे ऑनलाइन हजार-पंधराशेला आवाज वाढवायच्या डब्या विकतात त्याला भुलू नका. त्या सगळेच आवाज सारखे मोठे करतात. माझ्या कानाला खालचे आवाज वाढवायची गरजच नाही, ते वाढवले तर नुसता गोंगाट.

रोजच्या वापराचं सांगते. चार्जिंग रात्री लावलं की सकाळी सहा ते रात्री दहा आरामात जातं, फोन जास्त झाले तर रात्री जरा कमी उरतं. चार्जर पॉवर बँकेवर चालतो त्यामुळे लाईट गेली तरी अडत नाही. तुम्हाला चार्जिंगचा भरवसा नसेल तर सेलचं घ्या, ते बारीक झिंक-एअर सेल असतात, त्यावरचा स्टिकर काढला की हवा लागून चालू होतात, स्टिकर काढून मिनिटभर थांबायचं आणि मग बसवायचं. वयस्कर लोकांच्या बोटांना ते सेल बदलायला जड जातात, त्यांना चार्जिंगचंच बरं. फोन थेट दोन्ही कानांत येतो आणि हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं सुख आहे, आधी मी फोन यांच्याकडे द्यायचे, आता भावाशी तासभर बोलते.

त्रास पण आहेत. गाडीवर वारा कानात फार घोंगावतो, अजिंक्यताऱ्याच्या बाजूने घाटात वर जाताना तर काहीच कळत नाही. हेल्मेट काढताना मशीन अडकून बाहेर येतं, एकदा पार्किंगमध्ये खाली पडलं होतं, आता हेल्मेट सरळ वर उचलून काढते, मागून पुढे ओढत नाही. पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवावंच लागतं, आमच्याकडच्या दमट हवेत ते चुकवून चालत नाही. पूजेला डोक्यावरून पदर घेतला की शिट्टी वाजते, कारण पदरावरून आवाज परत मशीनमध्ये शिरतो. पदर कानामागे सैल ठेवायचा. आणि भाच्याच्या लग्नात मी कानाला मोत्याचे वेल लावले होते, ते कानावरून केसांत जातात ना, ते आणि मशीनची वायर असे गुंतले की जाऊबाईंनी मंगल कार्यालयाच्या खोलीत बसून सोडवले. वेल घालायचा असेल तर आधी मशीन बसवा, मग वेल केसात वरच्या बाजूला अडकवा, कानाच्या पाळीला चिकटून नको.

मंगल कार्यालयाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते, तिथे कुठलंही मशीन कमीच पडतं. पत्र्याचा हॉल, घुमणारा आवाज, बँड, शे-दोनशे माणसं एका वेळी बोलतायत. ॲपमध्ये गर्दीचं सेटिंग आहे, त्याने समोर बसलेल्या माणसाचं बऱ्यापैकी कळतं, पण पंगतीत दोन पानं सोडून बसलेल्याचं नाही. "मशीन घातलं की पूर्वीसारखं ऐकू येईल" असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही. माझ्या शब्दांत सांगायचं तर घरात, वर्गात, फोनवर उत्तम, रस्त्यावर बरं, लग्नात अर्धं.

पैसे. माझी जोडी लाखाच्या थोडी आत बसली. साधं डिजिटल मशीन त्यापेक्षा बरंच कमी पैशांत मिळतं, आणि वर काही लाखांपर्यंत जातं. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिल नीट बघून घ्या. ज्यांचं वय ६५ च्या पुढे आहे आणि उत्पन्न कमी आहे त्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३००० रुपये मिळतात, त्या यादीत श्रवणयंत्र आहे. पण ३००० मध्ये तपासून, मोजून, सेटिंग करून दिलेलं मशीन येत नाही हे सरकारने लक्षात घ्यायला पाहिजे. परत दिव्यांग प्रमाणपत्राला दोन्ही कानांत बोलण्याच्या सगळ्या पट्ट्यांत मिळून ६० डेसिबल किंवा त्याच्या पुढे त्रास लागतो, म्हणजे माझ्यासारखी मधली माणसं, ज्यांना रोजच्या कामात अडतं, ती कशातच बसत नाहीत. माझ्या वर्गातल्या त्या मुलीच्या आजीला मी जिल्हा रुग्णालयात तपासायला न्यायला सांगितलंय. तिच्या वडिलांना हे पटायला वेळ लागला, "आता या वयात काय करायचंय ऐकून" असं म्हणत होते. त्यांना सांगितलं की लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात विसरभोळेपणाच्या आजाराची (डिमेन्शियाची) जी टाळता येण्यासारखी कारणं दिलीत त्यात ऐकू न येणं वरच्या नंबरांत आहे, आणि आजी बोलत नाही ती रागाने नाही, तिच्यापर्यंत काही पोचतच नाही म्हणून. ते गेले शेवटी.

क्लिनिकला पाचपैकी चार. तपासणी, समजावून सांगणं, परत परत सेटिंग करून देणं, याला पूर्ण मार्क. एक मार्क मी कापतेय तो दोन गोष्टींसाठी, आणि दोन्ही मी तिथे तोंडावर सांगितल्यात. अपॉइंटमेंट फक्त फोनवर मिळायची, आणि बाहेर बसलेल्या पेशंटांची नावं आतून हाक मारून बोलवायचे. जिथे प्रत्येक पेशंटला ऐकू कमी येतं तिथे हाक मारून कसं चालेल, एक आजोबा आपला नंबर होऊन गेला तरी बसून होते. आता व्हॉट्सॲपवर अपॉइंटमेंट द्यायला लागलेत, नंबरचा बोर्ड अजून लागलेला नाही. जिना पण चढून जावा लागतो, लिफ्ट नाही, गुडघेदुखीवाल्यांनी आधी मेसेज करावा, खाली येऊन मदत करतात.

घ्यायच्या आधी तीन-चार गोष्टी लेखी घ्या. ट्रायल किती दिवस आणि परत केलं तर किती पैसे कापणार. वॉरंटी किती वर्षं आणि घामाने, पाण्याने बिघडलं तर त्यात धरतात का. पुढची सेटिंग फुकट का पैसे देऊन, आणि किती वर्षं. कानात जाणारी रबरी टोकं आणि मळ अडवणारी बारीक जाळी याचं पाकीट कितीला पडतं, कारण जाळी तुंबली की मशीन बंद पडल्यासारखं वाटतं आणि लोक घाबरून क्लिनिकला पळतात, ती बदलायला घरी मिनिटभर लागतं. बदलायची कशी ते तिथे बसूनच स्वतःच्या हाताने करून बघा.